वरच्या माणसाचा गुडघा

त्याला सगळे जॅक म्हणायचे. वशिल्याचा जॅक नव्हे हो, गाडीखाली लावतात तो. घरसामान हलवण्याचा धंदा, आणि त्यातही हा माणूस कायम खालच्या बाजूला. जिन्यावरून कपाट उतरवायचं असो की फ्रीज, खाली जो असतो त्याच्या छातीवर खरं ओझं येतं. त्याचा पाय चुकला तर सामान त्याला घेऊनच तळमजल्यावर पोचतं. मिसरूड फुटल्यापासून जॅक खाली उभा राहिला होता आणि त्यानं कुणाची बशीसुद्धा फुटू दिली नव्हती. याचा त्याला गर्व होता. का नसावा? दुसरं होतं काय त्याच्याकडे गर्व करण्यासारखं? शाळेत मन रमलं नाही, चार लोकांत बोलायला उभं केलं तर घाम फुटायचा. पण अरुंद जिन्यात लोखंडी पलंगाखाली त्याला बघावं, गडी कसा शांत असायचा. बायका म्हणायच्या, हा आला ना, मग काळजी नाही.

वरच्या बाजूला त्याचा मेहुणा. बायकोचा सख्खा भाऊ. घरातलं शेंडेफळ म्हणून नाव पडलं बारक्या, आणि उंचीनं बघाल तर दारातून येताना डोकं आपटतंय. आईबाप लवकर गेले, तेव्हा बहिणीनंच त्याला वाढवला. ती लग्न होऊन आली ती या दप्तर पाठीला लावलेल्या भावाला हाताला धरूनच. 'हुंड्यात मेहुणा मिळाला,' असं जॅक हसून सांगायचा, आणि बारक्या म्हणायचा, 'परत द्यायचा नाही हं भाऊजी, पावती नाही.' दोघांचं हे असं चालायचं. टेम्पो बारक्या चालवायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं कामही त्याचंच. जॅक फक्त उचलायचा.

आता यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिन्यावर दोघांच्या मध्ये सामान असतं. वरच्याला खालच्याचे पाय दिसत नाहीत, खालच्याला वरच्याचे दिसत नाहीत. म्हणून एक शब्द ठरलेला. आपला पाय पायरीवर पक्का टेकला, अंगावर भार घेतला, की म्हणायचं, 'बसलं.' ते ऐकल्यावरच समोरच्यानं आपला पाय उचलायचा. तो टेकला की त्यानं म्हणायचं, 'बसलं.' मग आपण हलायचं. असं पायरी पायरी करत माणसाचा अख्खा संसार खाली येतो. दुसरं काही बोलायचं नाही. अडचण आली तर 'थांब', आणि 'थांब' ऐकलं की दोघांनी आहे तिथं सामान भिंतीला रेटून धरायचं.

पहिल्याच दिवशी जॅकनं बारक्याला दम भरला होता. 'घरी खोटं बोल, पोलिसाशी बोल, पुढे बायको आली की तिच्याशी बोल. पण जिन्यावर हा शब्द खोटा बोलायचा नाही. समोरचा तुझ्या शब्दावर पाय उचलतोय, कळलं का?'

'बायको बघा आधी भाऊजी, खोटं मी शिकून घेईन,' बारक्या म्हणाला होता. जॅकनं त्याच्या टाळक्यात एक टपली मारली होती.

तर, गुडघा. सुरुवात झाली ती एका फ्रीजपासून. जिन्याचं वळण होतं, जॅक खाली. पाय पायरीवर रोवलेला, गुडघा थोडा वाकलेला, आणि फ्रीज वळवायला त्यानं अंग वळवलं. पाय जागचा हलला नाही, वरचं धड मात्र फिरलं. आत काहीतरी 'टक्' झालं. ओली काटकी मोडावी एवढाच आवाज, तोही कानानं ऐकला की हाडानं, कुणास ठाऊक. त्याच्या डोळ्यांपुढं क्षणभर काजवे चमकले, पण फ्रीज खाली गेला, टेम्पोत चढला, आणि बारक्याला पत्तासुद्धा लागला नाही. सकाळी उठून बघतो तर गुडघा सुजून टम्म. वाटी कुठं आहे ते बोटाला सापडेना.

मग काय विचारता! फुकटचे सल्लागार उगवले. शेजारी म्हणाला, वाटी सरकलीय. टेम्पो दुरुस्त करणारा म्हणाला, वंगण संपलंय, आमच्याकडे गाडीचंही असंच होतं. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं गारठा. तेल झालं, शेकून झालं, गुडघ्यावर चढवायचा तो लवचिक पट्टाही झाला. सूज उतरली, जॅक कामाला लागला. माणसाला बरं वाटलं की त्याला वाटतं तो बरा झाला. इथंच सगळं फसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टेम्पोचं चाक पंक्चर झालं. जॅक जॅक लावायला बसला आणि उठेना. आता हे ऐकून तुम्ही हसाल, बारक्याही हसला असता, पण तो नेमका हवा भरायचा पंप मागायला गेला होता. उकिडवा बसलेला जॅक उठायला गेला तर उजवा गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. दुखणं वेगळं आणि हे वेगळं. दुखलं तर माणूस दात खाऊन पाय सरळ करतो. इथं आतून कुणीतरी पाचर मारल्यासारखं झालं होतं, पाय सरळच होईना. त्यानं चाकाला धरून एका पायावर उडी मारली, पाय हवेत झटकला, जरा वाकडा फिरवला, आणि 'खट्'. सुटला. लगेच तो दोन्ही पायांवर उभा, जणू काही झालंच नाही.

पुढे हे वरचेवर व्हायला लागलं. न्हाणीघरात, चप्पल घालताना, कधी नुसतं कुशीवर वळताना. घरी झालं की बायको त्याची टाच धरायची, तो झोपून मांडी सैल सोडायचा, ती पाय हलकेच डावीउजवीकडे हलवायची आणि ओढायची. 'खट्' झालं की तिचाही श्वास सुटायचा.

'बसलं?' ती विचारायची. धंद्यातला शब्द घरात आला होता.

'बसलं,' तो म्हणायचा.

'अहो, असं किती दिवस चालवायचं? डॉक्टरला दाखवा.'

'दाखवू गं. आणि हे बघ, बारक्यापाशी बोलू नकोस. पोरगं उगाच घाबरेल, सामान धरताना हात कापायला लागतील त्याचे.'

तिनं त्याला शेवटी ओढूनच नेलं. हाडांच्या दवाखान्यात बाकांवर नुसते गुडघेच गुडघे. कुणाला पट्टा, कुणाच्या काखेत कुबडी, एक म्हातारे गृहस्थ आपल्या गुडघ्याकडे असे बघत बसले होते की जणू त्यानं त्यांना भर रस्त्यात दगा दिलाय. डॉक्टर म्हणजे एक तरणी बाई, बोलायला मोकळी. आधी तिनं गुडघा दाबून, वळवून बघितला, मग फोटो काढायला पाठवलं. त्या लांबलचक नळकांड्यात जॅकला निपचित झोपवून मशीननं तासभर ठोकाठोक केली. फोटो हातात आले तेव्हा डॉक्टरीणबाईनं टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा पुढं ओढला.

'काका, वंगणबिंगण काही संपलेलं नाही. हे बघा. हे मांडीचं हाड, हे नडगीचं. दोन्हीच्या टोकांवर हा पांढरा गुळगुळीत थर आहे ना, ती कूर्चा. तिच्यामुळे हाडावर हाड घासत नाही. आणि दोन्हीच्या मध्ये या दोन चकत्या, चंद्रकोरीसारख्या. आम्ही मेनिस्कस म्हणतो, तुम्ही गादी म्हणा. तुम्ही जे ओझं उचलता त्याचा धक्का या गाद्या खातात.'

'गाद्या उचलायचं तर आमचं रोजचं काम,' जॅक म्हणाला. बायकोनं डोळे वटारले.

'तुमची आतल्या बाजूची गादी उभी फाटलीय. फाटलेली पट्टी बादलीच्या कडीसारखी सुटी झालीय, आणि ती मधूनच उलटून सांध्यात येऊन पडते. दाराच्या खाली सतरंजीचा कोपरा दुमडला तर दार उघडतं का? तसा तुमचा गुडघा अडकतो. तुम्ही झटका देता, पट्टी मागे जाते, दार उघडतं.'

'म्हणजे बसते ना जागेवर?'

बाईनं मान हलवली. 'जागेवर जाते, पण जोडली जात नाही. प्रत्येक झटक्याला थोडी आणखी फाटते. आणि मध्ये सापडलेली पट्टी शेजारची कूर्चा खरवडते. कूर्चेला नसा नाहीत काका. ती झिजताना ओरडत नाही. ज्या दिवशी आत खरं दुखायला लागेल त्या दिवशी ती संपलेली असेल, आणि ती परत उगवत नाही.'

बायकोनं विचारलं, 'मग उपाय?'

'गादीच्या बाहेरच्या कडेला रक्त पोचतं, आत पोचत नाही. यांचं फाटलंय ते कडेजवळ. आत्ता दुर्बिणीतून टाके घातले तर जुळून येण्याची चांगली आशा आहे. उशीर केला तर चिंध्या होतील, मग कापून काढण्याशिवाय इलाज नाही. टाके घातल्यावर काही आठवडे कुबड्या, आणि काही महिने ओझं बंद, उकिडवं बसणं बंद. आणि तोवरही, वाकलेल्या गुडघ्यावर भार घेऊन वळायचं नाही. एक दिवस ते तुमच्या झटक्यानं सुटणार नाही. तो दिवस कुठला, ते तुमच्या हातात नाही.'

शहाण्या माणसाला एवढं पुरे होतं. पण जॅकच्या कानात काय शिरलं असेल तर 'काही महिने ओझं बंद'. वाटभर त्याच्या डोक्यात तेच. आपण काही महिने घरी, आणि बारक्या दुसऱ्या कुणाला तरी खाली उभा करणार. गिऱ्हाइकं म्हणणार, तो जॅक कुठं गेला? आणि मग काही दिवसांनी तेवढंही विचारणार नाहीत. उचलत नाही तो जॅक कसला? त्याला भीती वाटली, आणि ती भीती आहे हे कबूल करायची लाज वाटली. बायकोला म्हणाला, 'हंगाम संपू दे. सगळं जग आत्ताच घरं बदलतंय. मग करून टाकू.' तिनं तारीख विचारली. त्यानं विषय बदलला.

आता त्यानं जे केलं ते ऐका. तो काही मूर्ख नव्हता, आणि दुष्ट तर मुळीच नव्हता. त्यानं हिशेब केला की खाली जास्त ओझं, वर कमी. मग दुखऱ्या गुडघ्यानं वर जावं हे बरं. एके दिवशी कपाटाला पट्टे आवळता आवळता तो बारक्याला म्हणाला, 'आजपासून तू खाली. शिकायला पाहिजे का नको? मी काय जन्मभर पुरणार आहे?'

बारक्या बघतच राहिला. खालची जागा म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. त्याचे कान लाल झाले. 'खरंच सांगताय भाऊजी?'

'नको असेल तर राहू दे.'

'नको कसं? अहो, प्रमोशन आहे हे!' आणि बेट्यानं त्या दिवशी ते कपाट इतकं नीट उतरवलं की जॅकलाही कौतुक वाटलं. टेम्पोत बसल्यावर बारक्या शीळ घालत होता. 'ताईला सांगू?' त्यानं विचारलं.

'नको,' जॅक घाईनं म्हणाला. 'तुझी ताई कशी आहे माहीत आहे ना. तू खाली उभा राहतोस म्हटल्यावर तिला घास गोड लागणार नाही. जरा सरावलास की मीच सांगतो.'

झालं. एका घरात राहणाऱ्या तिघांमध्ये आता दोन गोष्टी लपलेल्या होत्या. बहिणीला गुडघा ठाऊक होता, जागा बदलल्याचं ठाऊक नव्हतं. भावाला जागा ठाऊक होती, गुडघा ठाऊक नव्हता. दोन्ही ठाऊक असलेला माणूस एकच, आणि त्यानं तोंड शिवून घेतलेलं.

आणि हिशेबही चुकलेलाच होता! ओझं खाली जास्त असतं हे खरं, पण वाकावं लागतं ते वरच्याला. सामान त्याच्या पायांच्या खालच्या पातळीला, त्याला हात खाली सोडून, गुडघे दुमडून, जवळजवळ बसत बसत उतरावं लागतं. वळणावर तर त्याच दुमडलेल्या गुडघ्यावर अंग फिरवावं लागतं. डॉक्टरीणबाईनं नेमकं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते हा आता पायरीगणिक करत होता. त्यानं किलो मोजले, वाकणं मोजलं नाही.

गुडघा सांगत होता. संध्याकाळी आत पाणी भरल्यासारखा जड व्हायचा. जिना चढताना आतून करकर यायची, बुटाखाली वाळू आल्यासारखी. खट् व्हायला आता एक झटका पुरत नव्हता. बायको टाच ओढून ओढून थकायची, आणि एकदा तिच्या हातात पाय तसाच वाकडा राहिला, बराच वेळ. मग सुटला.

त्या दिवशी ती बोलली. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. 'तुमचा पाय आहे, तुम्ही त्याचं वाटोळं करा. पण जिन्यावर तुम्ही एकटे नसता. हा असा पाय जिन्यात अडकला तर?'

'मी खाली असतो ना. माझ्या अंगावर येईल, माझं मी बघेन.'

'आणि बारक्या?'

'तो वर असतो. त्याला काय धाड भरलीय?'

'त्याला काही झालं ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आधीच सांगून ठेवते.' आणि ती उठून गेली. जॅकनं पाय लांब केला, परत जवळ घेतला, परत लांब केला. सगळं नीट होत होतं. त्यानं स्वतःला सांगितलं की येत्या आठवड्यात नक्की तारीख घ्यायची, आणि सकाळी बारक्याला सगळं सांगून टाकायचं.

सकाळी बारक्या इतका खुशीत होता की सांगणं जिवावर आलं. काम मोठं होतं. एक म्हातारे दातांचे डॉक्टर आपला दवाखाना बंद करत होते. तिसरा मजला, लिफ्ट एवढीशी की त्यात दोन माणसं एकमेकांची माफी मागत उभी राहतात. बाटल्या, कपाटं, दिवे सगळं उतरलं. शेवटी उरली ती खुर्ची. पाठ, हात, डोक्याची उशी सगळं सुटं केलं, तरी खालचा लोखंडी सांगाडा होता तो होताच.

'एवढी वर्षं लोक हिच्यावर बसायला घाबरले,' बारक्या म्हणाला, 'आता ही आपल्यावर बसणार.'

म्हातारे डॉक्टर हसले. 'बाबांनो, आणखी दोन माणसं बोलवा हवी तर. मला घाई नाही.'

बारक्यानं जॅककडे पाहिलं. 'काय करायचं भाऊजी? तुम्ही म्हणाल तसं.'

इथं माणूस हो म्हणतो. दुसरा कुणीही हो म्हणाला असता! जॅक म्हणाला, 'कशाला? दोघांना जड नाही.' आणि त्यानं पट्टा खांद्यावरून घेतला.

पहिला जिना ठीक उतरला. बसलं, बसलं, बसलं. दोन आवाज, एक जाड, एक बारीक, एकमेकांना उत्तर देत खाली चालले होते. वरून डॉक्टर कठड्यावर वाकून बघत होते. जॅकच्या गुडघ्यात ती करकर चालूच होती, पण तिची आता सवय झाली होती. दुसऱ्या जिन्याचं वळण आलं. जिना तिथं निमुळता, पायऱ्या तिरक्या. सांगाड्याचा पाया कठड्याला लागत होता, म्हणून जॅक आणखी खाली बसला, अगदी टाचेवर, आणि त्यानं अंग डावीकडे फिरवलं.

आत काहीतरी उलटलं. त्याला ते स्पष्ट कळलं. फोटोत बघितलेली ती पट्टी आत सरकून आडवी पडल्याचं जणू त्याला दिसलंच. उजवा पाय पूर्ण दुमडलेला तसाच अडकला. डावा पाय खालच्या पायरीवर जायला निघालेला, अर्धवट, नुसती बोटं टेकलेली. सांगाड्याचं ओझं हातात.

'बसलं?' खालून बारक्यानं विचारलं.

जॅकनं पाय झटकायचा प्रयत्न केला. जागा नव्हती. घाम एकदम कानांमागून खाली आला.

'भाऊजी? बसलं का?'

'थांब' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. बारक्या तरणाताठा होता, त्यानं सांगाडा भिंतीला रेटला असता, डॉक्टरांनी वरून कुणाला तरी हाक मारली असती, सगळे वाचले असते. पण 'थांब' म्हटलं की बारक्या विचारणार, काय झालं? मग वर यावं लागणार, बघावं लागणार, आणि जिन्यावर पाय दुमडून अडकलेला जॅक सगळ्यांना दिसणार. त्याला वाटलं, एक झटका. एकच. आजवर सुटलाय, आताही सुटेल. तेवढा वेळ मिळाला की झालं. आणि त्याच्या तोंडातून, हजारदा निघाला होता तसाच, शांत, भरवशाचा आवाज निघाला.

'बसलं.'

बारक्यानं पाय उचलला.

जॅकनं झटका दिला. गुडघा सुटला नाही. बोटांवरचा डावा पाय निसटला, आणि वरच्या बाजूचं सगळं ओझं एका क्षणात खाली गेलं. पट्टा त्याच्या खांद्याची कातडी घेऊन सुटला. लोखंड कठड्यावर आपटल्याचा आवाज झाला, मग भिंतीवर आपटल्याचा, आणि मग एक आवाज आला तो लोखंडाचा नव्हता. वरून डॉक्टर ओरडले. बारक्या ओरडला नाही. तो वळणाच्या कोपऱ्यात भिंत आणि सांगाडा यांच्यामध्ये होता, आणि तोंड उघडं ठेवून जॅककडे बघत होता, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा.

तोच दवाखाना, तीच डॉक्टरीणबाई. या वेळी तिनं प्लास्टिकचा गुडघा पुढं ओढला तेव्हा बहिणीनं मान फिरवली. बारक्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग चेपून फुटला होता. दोन्ही गाद्या फाटल्या होत्या. कूर्चेचे तुकडे सांध्यात सुटे झाले होते. धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू घालून हाड उभं करता येईल, बाई म्हणाली, चालेल तो, बहुतेक काठी घेऊन. ओझं मात्र आयुष्यात नाही. त्याचं वय तिनं कागदावर परत एकदा बघितलं आणि कागद उलटा ठेवला.

बारक्याला शुद्ध होती. पाय फळीला बांधलेला, ओठ पांढरे. बहीण उशाशी बसून त्याच्या केसांतली जिन्यातली धूळ काढत होती. जॅक पायथ्याशी एका स्टुलावर होता. त्याचा गुडघा इथं येता येता गाडीत आपोआप सुटला होता.

'ताई,' बारक्या म्हणाला, 'भाऊजींना काही बोलू नकोस हं. त्यांची चूक नाही. त्यांनी आवाज दिला होता. मीच पाय घाईनं टाकला असणार.'

बहिणीचा हात थांबला. 'पाय टाकलास तरी सामान तुझ्या अंगावर कसं येईल? तू वर होतास ना?'

'छे गं!' एवढ्या वेदनेतही त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. 'मी खाली. आता मीच असतो खाली. भाऊजी तुला सांगणार होते. प्रमोशन झालं माझं.'

ती जॅककडे वळली. तिला काय विचारायचं आहे ते त्याला कळत होतं, आणि त्याला हेही कळत होतं की गप्प राहिलो तर हा पोरगा आयुष्यभर स्वतःलाच दोष देत राहील, काठी टेकत टेकत, आणि आपल्याला भाऊजी भाऊजी करत राहील. ते सोपं होतं. फार सोपं होतं.

'तुझा पाय चुकला नाही, बारक्या,' तो म्हणाला. 'माझा गुडघा अडकला होता. बरेच दिवस अडकतोय. मला माहीत होतं पाय टेकलेला नाही. तरी मी तसं म्हणालो.'

बारक्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, नुसतं त्यातलं काहीतरी निघून गेलं. तो बहिणीकडे बघून म्हणाला, 'तुला ठाऊक होतं? गुडघ्याचं?'

तिनं मान खाली घातली. डोळे पुसायलाही तिनं हात उचलला नाही.

'पण का?' त्यानं जॅकला विचारलं. रागानं नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून. 'थांब म्हणायचं होतं ना भाऊजी. मी धरलं असतं. धरलं होतं मी.'

जॅकनं खूप शोधलं. काहीतरी मोठं, एवढ्या नुकसानाला शोभेल असं कारण सापडावं म्हणून तो त्या पांढऱ्या चादरीकडे बघत राहिला.

'लाज वाटली,' तो म्हणाला.

बारक्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले, आणि हलले तसा पाय दुखला असावा, कारण तो कण्हला. बहिणीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जॅककडे न बघता म्हणाली, 'तुम्ही जा आता इथून.' तो उठला आणि भिंतीला धरत बाहेर गेला.